खिद्रापूरचे मंदिर हेमाडपंती आहे काय?

महाराष्ट्रात काळ्या दगडाचे जुने देऊळ दिसले की ते 'हेमाडपंती' आणि जुना घुमट दिसला की तो 'मोगलाई', एवढे म्हणून पुढे जाण्याची आपल्याला सवय लागली आहे. रस्त्याकडेच्या पाटीवर तेच, सहलीच्या वहीत तेच आणि गावच्या पारावरही तेच. हे दोन शब्द वापरून वापरून इतके गुळगुळीत झाले आहेत की त्यांचा अर्थ विचारावा असे कुणाला वाटत नाही. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. इतिहासाच्या तासाला हे दोन्ही शब्द सारखे हाताशी येतात आणि मुले ते आनंदाने पाठ करतात. तेव्हा एकदा त्यांची झडती घ्यावी असे आम्हांला वाटले. त्यासाठी एकच वास्तू निवडली आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठी, कर्नाटकाच्या सीमेला खेटून खिद्रापूर नावाचे गाव आहे. तेथील कोपेश्वराचे मंदिर ही ती वास्तू.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. हे मंदिर हेमाडपंती नाही. त्याला तसे म्हणणे ही सनावळीतली किरकोळ चूकही नाही. बांधणाऱ्याचे नाव पुसून नंतर आलेल्या जेत्याचे नाव लावण्याची जी खोड आपल्या इतिहासकथनात मुरली आहे, तिचा हा एक नमुना आहे. त्याच खोडीचा दुसरा नमुना मुस्लिम समाजाच्या वाट्याला आला आहे, आणि म्हणून या मंदिराचा प्रश्न आपलाही आहे.

आधी काळाचा हिशेब करू. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री. महादेव यादव (इ. स. १२६१ ते १२७१) आणि त्यानंतर रामचंद्र यादव यांच्या दरबारात तो अधिकारपदावर होता. 'चतुर्वर्गचिंतामणि' हा त्याचा प्रचंड ग्रंथ धर्मशास्त्राचा आहे. म्हणजे हेमाडपंती बांधकामाचा आरंभ फार मागे नेला तरी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापलीकडे नेता येत नाही. आता अंबरनाथचे शिवमंदिर पाहा. तेथील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० च्या सुमाराचा, उत्तर कोकणच्या शिलाहारांचा आहे. हेमाद्रीच्या मंत्रिपदाला अजून दोनशे वर्षे अवकाश होता. तरी अंबरनाथही लोकांच्या तोंडी हेमाडपंतीच!

खिद्रापूरची गोष्ट याहून बोलकी आहे. बारावे शतक हा या मंदिराच्या उभारणीचा काळ मानला जातो. त्या काळी या मुलखावर कोल्हापूरच्या शिलाहारांचे राज्य होते. गंडरादित्य, विजयादित्य आणि दुसरा भोज ही त्यांतली ठळक नावे. इ. स. १२१२ च्या सुमारास यादव राजा सिंघण याने दुसऱ्या भोजाचा पराभव केला आणि हे राज्य संपवले. त्यानंतर लगोलग, शके ११३५ मध्ये, म्हणजे इ. स. १२१३-१४ साली, सिंघणाने याच मंदिरावर आपला लेख कोरवून घेतला. मिरिंज देशातील कुडलदामवाड, म्हणजे आजचे कुरुंदवाड, हे गाव त्याने कोपेश्वराच्या पूजेअर्चेसाठी दान दिल्याचे त्यात नमूद आहे. मंदिरावरचे इतर लेख कन्नड भाषेत आहेत. सिंघणाचा हा लेख मात्र संस्कृत भाषेत आणि देवनागरी लिपीत आहे.

या एका फरकावर इतिहासाचा एक तास सहज घेता येईल. नवा राजा आला, त्याने हरलेल्या राजाच्या देवाला गाव दिले आणि दगडावरची भाषा बदलली. दानात श्रद्धा असेल, राजकारणही असेल. मध्ययुगात दोन्ही एकाच हाताने होत असे. परंतु लेख दानाचा आहे, बांधणीचा नव्हे. ज्याला दान द्यायचे तो देव आणि त्याचे देऊळ आधीपासून तेथे होते. पुढे पन्नासेक वर्षांनी त्याच यादवांच्या पदरी हेमाद्री मंत्री झाला आणि आणखी काही शतकांनी या देवळाला त्याचे नाव चिकटले. शिलाहारांच्या काळातील वास्तू, तिला शिलाहारांना बुडवणाऱ्यांच्या मंत्र्याचे नाव! कन्नड लेख कोरणारे हात तर या नावात कुठेच नाहीत.

हेमाडपंतीचे समर्थक म्हणतील, शब्द काळाचा नाही, पद्धतीचा आहे. चुना न वापरता दगडावर दगड बसवून केलेले बांधकाम ते हेमाडपंती. ही व्याख्या आपल्याकडे सर्रास शिकवली जाते. तिची अडचण अशी की ती फार कमी सांगते आणि फार जास्त कवेत घेते. खजुराहोची दहाव्या-अकराव्या शतकांतली मंदिरे चुन्याशिवायच उभी आहेत. हळेबिडूचे होयसळ मंदिरही तसेच. मग खजुराहोलाही हेमाडपंती म्हणायचे काय? दगड घासून सपाट करणे, एकाला खाच आणि दुसऱ्याला कूस ठेवून तो अडकवणे, वजनानेच सांधा दाबून धरणे ही त्या काळच्या पाथरवटांची भारतभरची रीत होती. रीत म्हणजे शैली नव्हे. सुईदोऱ्याने शिवले म्हणून शेरवानी आणि अंगरखा एक होत नाहीत.

शैली पाहायची तर आकार पाहावा लागतो. सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर घ्या. एका जोत्यावर मधोमध मोठे देऊळ, चार कोपऱ्यांना चार लहान देवळे. शिखरावर तळापासून वर जाणारे चार उभे पट्टे आणि त्यांच्या मधल्या जागेत ओळीने मांडलेली चिमुकली शिखरे. या घडणीला भूमिज म्हणतात. माळव्यात ती फुलली आणि महाराष्ट्रात रुजली. खिद्रापूरचे कूळ निराळे आहे. त्याचे नाते दक्षिणेकडे, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात कर्नाटकात घडलेल्या मंदिरांशी आहे. चौकोन, अष्टकोन, वर्तुळ असे टप्प्याटप्प्याने बदलत जाणारे, कातून काढल्यासारखे घोटीव खांब हीच त्याची ओळख. भिंत सरळ जात नाही. पुढे-मागे होत, कोपऱ्यामागून कोपरा काढत जाते, आणि त्यामुळे दिवसभर तिच्यावर ऊन-सावलीच्या उभ्या रेघा पडत राहतात. तळाशी हत्तींची रांग सगळा भार पाठीवर घेतल्यासारखी उभी आहे. वर आज दिसणारे शिखर मात्र उत्तरकालीन डागडुजीचे आहे. खालच्या कोरीव दगडाशी त्याची जात जुळत नाही. सिन्नर आणि खिद्रापूर यांना एकाच नावाने हाक मारणारा माणूस दोन्ही ठिकाणी काळ्या दगडापलीकडे काही पाहत नाही, असेच म्हणावे लागेल.

आता मंदिराच्या आत जाऊ. पूर्वेकडून आले की पहिला लागतो तो स्वर्गमंडप. त्यामागे सभामंडप, मग अंतराळ आणि शेवटी गर्भगृह. एरवी शिवमंदिरात गाभाऱ्यासमोर नंदी असतो. येथे तो नाही. दक्षाच्या यज्ञात सतीने देह ठेवला, शिव कोपला, विष्णूने त्याची समजूत घातली, आणि नंदी सतीबरोबर गेला होता म्हणून तो येथे नाही, अशी कथा सांगतात. म्हणून देव कोपेश्वर. गाभाऱ्यात त्याच्याजवळ विष्णूही धोपेश्वर या नावाने लिंगरूपात आहे. कथेचा भाग भाविकांचा. वास्तूचा भाग असा की नंदी नसल्यामुळे स्वर्गमंडपाच्या मध्यापासून गाभाऱ्यापर्यंत नजरेला आडकाठी राहत नाही. उघड्या आभाळाखालून, खांबांच्या दाटीतून, काळोखात बसलेल्या देवापर्यंत एक सरळ रेघ जाते. उजेडाकडून काळोखाकडचा हा प्रवास या मंदिराचा खरा विषय आहे, असे आम्हांला वाटते.

स्वर्गमंडपाचे छत मध्यभागी उघडे आहे. एकूण खांब ४८. त्यांपैकी मधले १२ खांब वर्तुळात उभे आहेत आणि त्यांच्यावर दगडी तुळयांचे कडे बसवले आहे. त्या कड्यावर दगडांचे थर एकापेक्षा एक आत सरकवत नेले आहेत, आणि मध्यावर येऊन थर थांबतात. राहते ते वाटोळे आभाळ. त्याच्या बरोबर खाली जमिनीत तशीच वाटोळी शिळा आहे.

येथे कमान नाही, हे ध्यानात घ्यावे. कमानीत दगड एकमेकांना रेटतात आणि तो रेटा बाजूच्या भिंतींवर जातो. येथे प्रत्येक दगड आडवा आहे. त्याचे पुढचे टोक पोकळीवर निघालेले, मागचे टोक वरच्या वजनाखाली दाबलेले. शिवाय प्रत्येक थर पूर्ण वर्तुळ असल्यामुळे त्यातले दगड एकमेकांना धरून ठेवतात आणि आत पडू पाहणारा दगड शेजाऱ्यांमध्येच अडकतो. म्हणूनच असे छत मधला शेवटचा दगड न बसवताही उभे राहू शकते. कमानीला माथ्याचा दगड लागतो, या वर्तुळाला लागत नाही. आठशे वर्षे हा मंडप माथ्याशिवाय उभा आहे, त्याचे कारण चमत्कारात शोधण्याची गरज नाही. ते घडवणाऱ्याच्या हिशेबात आहे.

उघडे छत कशासाठी, यावर बरेच सांगितले जाते. होमाचा धूर जाण्यासाठी, असे काही म्हणतात. त्रिपुरारी पौर्णिमेला मध्यरात्री चंद्र बरोबर या वर्तुळावर येतो म्हणून त्या रात्री लोक मुद्दाम जमतात. चंद्राची गोष्ट खरी आहे, पण तिचे कारण भूगोलाच्या तासाला सांगता येण्यासारखे आहे. खिद्रापूर सुमारे पावणेसतरा उत्तर अक्षांशावर आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण अठरा अंशांवर असतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूला, म्हणजे तितकाच उत्तरेला. कधी थोडा अलीकडे, कधी थोडा पलीकडे. त्यामुळे मध्यरात्री तो या पट्ट्यात जवळजवळ डोक्यावर येतो. त्या रात्री तो खिद्रापुरातल्या कुठल्याही उघड्या चौकावर आणि आडावर तसाच येतो. फरक एवढाच की चौकाला आणि आडाला बारा खांबांची आणि दगडी कड्याची चौकट नाही. आभाळ सगळ्यांचेच आहे, त्याला चौकट बसवण्याचे काम कारागिराचे. कौतुक करायचे तर त्याचे करावे. अर्धवट विज्ञान सांगून त्याच्या कामाला जादूटोण्याच्या पंक्तीला बसवू नये.

आता त्या दुसऱ्या शब्दाकडे वळू. खिद्रापूरहून पूर्वेला विजापूर फार लांब नाही. तेथला गोल घुमट म्हणजे मुहम्मद आदिलशहाची कबर. तो इ. स. १६५६ मध्ये वारला. चौकोनी दालनावर वाटोळा घुमट बसवायचा कसा, हा तेथल्या कारागिरांपुढचा पेच. त्यांनी एकमेकींना छेदणाऱ्या कमानी उभ्या केल्या, चौकोनाचे कोपरे त्यांत विरघळवले आणि वर सुमारे ३८ मीटर व्यासाचा घुमट तोलला. खिद्रापूरच्या कारागिराने वाटोळे आभाळ आडव्या दगडांनी धरले होते, विजापूरच्या कारागिराने वाटोळे छत कमानींनी. उत्तरे अगदी वेगळी आहेत आणि एकाने दुसऱ्याचे पाहून केले असे आम्ही सुचवत नाही. पण दोन्ही दख्खनच्या मातीत दिलेली उत्तरे आहेत.

आणि या गोल घुमटाला आपल्याकडे काय म्हणतात? मोगलाई! ज्या आदिलशाहीने तो बांधला, ती इ. स. १६८६ मध्ये औरंगजेबाच्या फौजांनीच बुडवली. म्हणजे पुन्हा तोच प्रकार. वास्तू हरलेल्याची, नाव जिंकलेल्याचे. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील बिबी का मकबरा खरोखर मोगलांचा आहे, त्याला मोगल म्हणावे. पण बहमनी, निजामशाही, आदिलशाही, बरीदशाही, इमादशाही अशी दख्खनची आपली घराणी, त्यांची आपली दखनी बोली, त्यांचे आपापले बांधकाम हे सगळे एका उत्तरेकडच्या नावाखाली गाडले गेले. यात दोष इतरांचाच आहे असे नाही. आपल्यातलेही कितीतरी जण ताजमहालाच्या चित्रावर अभिमान बाळगतात आणि शेजारच्या आदिलशाही मशिदीला 'जुनी मशीद' यापलीकडे नाव देऊ शकत नाहीत. जो आपल्या घुमटाचे खरे नाव शोधत नाही, त्याला देवळाचे खरे नाव चुकते म्हणून तक्रार करण्याचा अधिकार उरत नाही.

ही केवळ पंडितांची नामावळी असती तर वार्षिकाची एवढी पाने खर्ची घालण्याचे कारण नव्हते. पण सरसकट नाव देण्याची सवय बांधण्यापाशी थांबत नाही, मोडण्यापर्यंत जाते. खिद्रापूरच्या बाहेरील भिंतीवर अनेक मूर्तींचे चेहरे, हात, हत्तींच्या सोंडा तुटलेल्या आहेत. तेथे गेलेल्या मुस्लिम माणसाला हे पाहताना अवघडल्यासारखे होते, आणि बरोबरच्या माणसाच्या मनात काय चालले असेल याचा अंदाज तो घेऊ लागतो. या अवघडलेपणाला वळसा घालून मंदिराबद्दल गोड गोड लिहिता येते. आम्हांला ते पटत नाही. मध्ययुगात मुस्लिम राज्यकर्त्यांनी देवळे पाडली, मूर्ती फोडल्या, हे घडलेले आहे. कागदोपत्री सिद्ध असलेले नाकारण्यात शहाणपण नाही आणि दीनही नाही. त्याच वेळी, प्रत्येक तुटलेल्या नाकावर पुरावा न मागता एकच नाव लिहिणे हाही इतिहास नव्हे. घाव घालून तोडलेला चेहरा निराळा दिसतो, पाण्या-वाऱ्याने झिजलेला दगड निराळा, वरून काही कोसळून तुटलेली कड निराळी. कृष्णेच्या काठचा हा तालुका महापुराचा आहे. २००५, २०१९, २०२१ ही साले शिरोळकर विसरलेले नाहीत. तेव्हा प्रत्येक तुटीला तिचे स्वतःचे कारण विचारावे. बांधणाऱ्याला त्याचे स्वतःचे नाव मिळावे असे आम्ही म्हणतो, तोच न्याय मोडणाऱ्यालाही लावावा. जिथे पुरावा आहे तिथे नाव घ्यावे, मग ते कुणाचेही असो.

हा नियम आपल्या आवडीच्या गोष्टींनाही लावावा लागतो. खिद्रापूर हे नाव ऐकले की उर्दू शिकलेल्या कानाला 'खिज्र' ऐकू येतो. हजरत खिज्र यांचे नाते लोकमानसात पाण्याशी आहे, आणि गाव तर नदीच्या वळणावर! किती छान जुळते. पण कानाला जुळले म्हणून गावाची व्युत्पत्ती ठरत नाही. असे जुळवलेले नाते उद्या कुणी वर्गात शिकवू लागला तर तोही हेमाडपंतीचाच धडा झाला.

मग हेमाडपंती हा शब्द टाकूनच द्यायचा काय? बोलण्यातून तो जाणार नाही आणि जावा असा आमचा हट्टही नाही. ज्यांना सनावळी ठाऊक नव्हती त्यांनी 'हे फार जुने, फार मोठे, आपल्याच्याने न होणारे' एवढे सांगण्यासाठी कधी पांडवांचे नाव घेतले, कधी हेमाडपंतांचे. त्या कौतुकात खोट नाही. पण शाळेत आणि छापील पानावर तो शब्द उत्तर म्हणून चालू नये. वास्तूसमोर उभे राहून मुलांनी तीन प्रश्न विचारावेत, एवढी शिस्त आपण लावू शकतो. यावर कोणत्या भाषेत काय कोरले आहे? वरचे वजन खाली कशाने उतरते, आडव्या दगडाने की कमानीने? आणि शेजारच्या वास्तूपेक्षा यात वेगळे काय? देवळासमोर, मशिदीसमोर, गढीसमोर आणि बारवेसमोर हेच तीन प्रश्न चालतात. त्यांना धर्म नाही.

खिद्रापुरातच याचा सराव करता येतो. कोपेश्वरापासून थोड्या अंतरावर त्याच गावात एक जुने जैन मंदिरही आहे. दोन्हींचे खांब शेजारी शेजारी ठेवल्यासारखे पाहावेत. पंथ वेगळे, पण छिन्नीची भाषा एक. तेथून सहल विजापूरला न्यावी आणि गोल घुमटाच्या छेदणाऱ्या कमानी मोजायला लावाव्यात. मुले परत येऊन वहीत काय लिहितात ते पाहावे. एकानेही हेमाडपंती आणि मोगलाई हे दोन शब्द न वापरता दोन पाने लिहिली, तर त्या सहलीचा खर्च वसूल झाला असे आम्ही समजू.